कारणाचा रकाना

३ फेब्रुवारी

वर्गाच्या बाईंनी आज बोलावून घेतलं. म्हणाल्या, "भिंगरी काय काय चुकीचं बोलते ते रोज लिहून ठेवा, तारीख घालून." घरात कोरी वही नव्हती म्हणून मी कामाला जाते त्या यंत्रमागाच्या शेडमधली दोष-वही आणली. मुकादमाला विचारून आणली, चोरून नाही. आमच्याकडे कापडात बिघाड दिसला की या वहीत तीन रकाने भरायचे असतात. दोष, जागा, कारण. पहिले दोन बसल्या जागी भरता येतात. तिसरा भरायचा तर माग थांबवून, वाकून, नीट तपासावं लागतं. नवी बाई कामाला लागली की मुकादम पहिल्या दिवशी हेच बजावतो. "कापडाकडे बघत बसू नका, आधी मागाकडे बघा."

तर दोष असा, की माझी मुलगी साडेपाच वर्षांची झाली तरी ती काय बोलते ते घराबाहेर कोणाला कळत नाही. जागा, तोंड. कारण रिकामं ठेवलंय.

'कप' म्हणायचं तर 'अप' म्हणते. 'गाय' म्हणजे 'आय', 'हात' म्हणजे 'आत'. पण 'पाय', 'फूल', 'मामी' अगदी स्वच्छ. ह्यांना कधी बाबा म्हणते, कधी मामा. हे म्हणतात, मामा म्हटलं की मला माझ्याच घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं.

जूनपर्यंत सुधारणा नाही दिसली तर पहिलीत घेणार नाहीत. बाई हे पुटपुटत म्हणाल्या. आजकालच्या शिक्षकांना तोंड उघडून बोलायचा कंटाळाच फार.

५ फेब्रुवारी

कारण सगळ्यांना माहीत आहे, फक्त प्रत्येकाचं वेगळं. सासूबाई म्हणतात जीभ जड आहे, जिभेखालचा पडदा कापून आणा. हे म्हणतात, "मी पण सातव्या वर्षी बोलायला लागलो, आता थांबतो का?" शेजारीण म्हणते, आई दिवसभर कामाला, पोराशी बोलतं कोण. तिला बरं बोलता येतं, तिच्या घरी नोकरी करणारे दोघे आणि काम करणारं कोणी नाही.

भिंगरी दोन वर्षांची होती तेव्हा तिचे कान फुटायचे. वर्षभर वाहत होते. औषध घातलं, थांबले. आता कोरडे ठणठणीत आहेत, तेव्हा कानांचा प्रश्नच नाही. शिवाय ती आमचं सगळं समजते.

आमच्या घरात बोलणं जरा निराळं चालतं, तेही लिहून ठेवते. शेडमध्ये दोनशे माग एकदम चालतात. तिथे ओरडून घसा फोडण्यात अर्थ नसतो, म्हणून सगळ्या जणी आवाज न काढता, ओठ मोठे करून बोलतात. सासूबाईंनी तीस वर्षं तेच केलं, मला तेरा झाली. हे तिथेच जॉबर आहेत, माग दुरुस्त करतात. घरी आल्यावरही सवय सुटत नाही. समोरासमोर बसायचं आणि ओठांनी बोलायचं. ह्यांचा भाऊ आला की विचारतो, या घरात माणसं राहतात की मासे?

१२ फेब्रुवारी

मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये आज आम्ही दोघं गेलो होतो. भिंगरीला बाहेर बाकावर बसवलं होतं. दार बंद, जाड काच, वर एसीची घरघर. मोठ्या बाई टेबलावर कोपर ठेवून सांगत होत्या की मुलीला दुसरीकडे ठेवण्याचा विचार करा, इथे तिचं जमणार नाही.

घरी येईपर्यंत भिंगरी गप्प होती. चपला काढताना म्हणाली, "मोत्या माई म्हणाल्या, भिंईला इते नओ." म्हणजे मोठ्या बाई म्हणाल्या, भिंगरीला इथे नको.

हे माझ्याकडे आणि मी ह्यांच्याकडे बघत बसलो. बंद दाराआडचं या पोरीने ऐकलं कसं?

१४ फेब्रुवारी

कुकरची शिट्टी बिघडली. भाजी लागली. नवी शिट्टी आणली, तीही बिघडलेलीच. दुकानदाराला चार गोष्टी सुनावल्या.

२१ फेब्रुवारी

संध्याकाळी सातच्या सुमारास वीज गेली. मेणबत्ती सापडेना. मी भिंगरीला हाका मारत होते, ती मघापर्यंत माझ्या पायाशी खेळत होती. उत्तर नाही. दोनदा, तीनदा. सासूबाईही हाका मारत होत्या म्हणे, मला काही त्या ऐकू आल्या नाहीत, उगाच सांगतात.

मग काळोखात माझ्या तोंडावर हात आला. लहान, गार बोटं. आधी हनुवटी चाचपली, मग ओठांवर येऊन थांबली, आणि तशीच राहिली. मी किंचाळले. बोटं हलली नाहीत. मी बोलले की ती माझ्या ओठांबरोबर हलायची.

वीज आली तेव्हा भिंगरी माझ्या मांडीवर बसून हसत होती.

२ मार्च

आज माझी सुट्टी होती. दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आमची गल्ली इतकी अरुंद की समोरच्या खिडकीत काय शिजतंय ते वासाने कळावं. समोर खिडकीआजी राहतात. एकट्या, पायांनी अधू, सगळा दिवस खिडकीत. भिंगरीचं आणि त्यांचं बरं जमतं.

भिंगरीने माझा पदर ओढला. म्हणाली, "आजी आ माते. दा उअ म्हणते. पली म्हणते." हाक मारते, दार उघड म्हणते, पडले म्हणते.

मी वर बघितलं. खिडकीची एक फळी उघडी होती. आजी गजाशी चिकटून होत्या, पण त्या नेहमीच तशा असतात. आवाज काही नव्हता. हाक असती तर मला ऐकू आली नसती का? मी तर समोरच होते, आणि माझे कान शेडमधल्या सगळ्या बायकांत तीक्ष्ण आहेत. हे कानात कापसाचे बोळे घालून फिरतात, मी तेरा वर्षांत एकदाही घातले नाहीत. गल्लीतही सगळं शांत होतं. दुपारी इथे शेडमधून निवृत्त झालेली म्हातारी माणसंच असतात, ओट्यावर दोघं बसलेही होते, त्यांनीही मान वर केली नाही.

मी भिंगरीला म्हटलं, "आजी झोपल्यात. उगाच गोष्टी रचू नकोस." ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. शेवटी तिला आत नेलं आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.

४ मार्च

दूधवाल्याने दार फोडलं. खिडकीआजी खिडकीखालीच पडलेल्या सापडल्या. डॉक्टर म्हणाले जाऊन दोन दिवस झाले असावेत, कमरेचं हाड मोडलं होतं. गजाला धरून उभं राहायचा प्रयत्न केला असावा.

दोन दिवस. म्हणजे परवा दुपारी.

पोरीला आधीच कळलं होतं. ज्याचा आवाज निघालाच नाही ते हिने ऐकलं.

७ मार्च

मी शेजारणीला सांगायला नको होतं. माझंच तोंड फुटकं. आता गल्लीतली मुलं भिंगरीबरोबर खेळत नाहीत. दोन आया तिला बघून मुलांना आत घेतात. दुकानात एक बाई दुसरीला लांबून काहीतरी म्हणाली आणि भिंगरी मला सांगायला लागली की ती बाई आपल्याला काय म्हणते. मी तिचं तोंड दाबलं.

घरी आल्यावर तिला समोर बसवून सांगितलं, "तुला जे ऐकू येतं ते कोणाला सांगायचं नाही. अजिबात बोलायचं नाही. कळलं?" तिने मान हलवली. मग मी तिला एक चापट मारली, तिने काहीच केलेलं नसताना. पाठोपाठ मीच रडले.

१६ मार्च

नऊ दिवस झाले. भिंगरी एक शब्द बोललेली नाही. चुकीचा नाही, बरोबर नाही. जेवते, शाळेत जाते, चित्रं काढते. चित्रांत नुसती तोंडं. डोळे नाहीत, केस नाहीत, ओळीने तोंडं, काही उघडी, काही मिटलेली. वर्गाच्या बाईंनी ते कागद माझ्या हातात देताना दोन बोटांनी धरले होते.

काल दुपारी सासूबाई आडव्या झाल्या होत्या. भिंगरी शेजारी बसून त्यांच्या गळ्यावर तळहात ठेवून होती. दाबत नव्हती, नुसता ठेवला होता. सासूबाई दचकून उठल्या आणि म्हणाल्या, हिला कुठेतरी दाखवून आण, मला आता या घरात डोळा मिटायची भीती वाटते.

गल्लीही बदलली आहे. आजी गेल्यापासून पाखरं बोलत नाहीत. चिमण्या दिसतात, चोची उघडतात, मिटतात, आवाज नाही. आमच्या बेलनेही मौन धरलंय. दोनदा माणूस येऊन, बेल दाबून परत गेला म्हणे. माग तेवढे चालू असतात, पण तेही हल्ली हळू वाजतात. ह्यांना म्हटलं, तेल बदललंत का? हे माझ्याकडे बघत राहिले.

मला माझ्या मुलीची भीती वाटते. हे एकदा लिहूनच टाकते म्हणजे पोटातून जाईल. गेलं नाही.

२८ मार्च

आज वाचा-उपचाराच्या बाईंकडे गेलो. आमच्यापुरतं त्यांचं नाव वाचाबाई. लहानशी खोली, भिंतीवर आरसा, खेळणी. मी खिडकीआजीचं सोडून सगळं सांगितलं, मग तेही सांगितलं. वाटलं होतं हसतील. हसल्या नाहीत. भिंगरीसमोर बसून तिच्याशी बोलायला लागल्या आणि पंधरा मिनिटांत ती 'बाहुली' म्हणाली. 'बाउली' म्हणाली, पण म्हणाली. मला हुंदका आवरेना.

मग बाईंनी स्वतःच्या तोंडासमोर कागद धरला आणि गप्प बसल्या. भिंगरी नुसती कागदाकडे बघत राहिली. मीही वाट बघत होते की बाई आता काय म्हणतात. थोड्या वेळाने त्यांनी कागद खाली घेतला. "बघितलंत? बाहुली, चेंडू, गाडी, सगळं मागितलं. तिने एकही दिलं नाही. कागद काढला की देते."

मागितलं म्हणे! मी हातभर अंतरावर बसले होते. कागदामागे बाईंनी चकार शब्द काढला नव्हता. पैसे घ्यायचे तर सरळ घ्यावेत, पोरीला फसवून कशाला.

मी तसं बोलून दाखवलं नाही. बाई उठून कपाटाकडे गेल्या, पाठमोऱ्या काही शोधत राहिल्या, मग वळून माझ्याकडे बघितलं, उत्तराची वाट बघतात तशा. त्यांनी काही विचारलंच नव्हतं, तर मी काय सांगणार? त्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

२ एप्रिल

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही पडद्यांमागे घट्ट चिकट पाणी साचलंय. बहुतेक ते कान फुटायचे तेव्हापासूनच. लहान शस्त्रक्रिया करून काढतात.

मी वाचाबाईंना म्हटलं, "अहो पण तिला सगळं कळतं. बंद दाराआडचंसुद्धा."

"दार काचेचं होतं ना?" त्या म्हणाल्या. "तिला ऐकू येत नाही, दिसतं. तुमच्या घरात जन्मल्यापासून तिला सगळे समोर बसून, ओठ मोठे करून सांगतात. ती ओठ वाचते. मोठ्या माणसांना जमणार नाही इतकं छान वाचते. जे ओठांवर दिसतं ते तिला बोलता येतं, म्हणून पाय येतो, फूल येतं. जे आत घशाशी होतं ते तिला कधी दिसलंच नाही, तर ती म्हणणार कशी?"

मी विचारलं, "म्हणजे कारण कोणतं? मला एक काहीतरी लिहायचंय."

"एक नसतं हो बहुतेक वेळा. कान आहेत, वडिलांकडून आलेला उशीर असेल थोडा. जीभ मी तपासली, तिचा काही दोष नाही. आणि तुमची ही घरची पद्धत. तिने मुलीला सांभाळलंही, आणि तिचे कान तुमच्यापासून लपवलेही."

वाटेत मी भिंगरीला उचलून घेतलं. एवढी मोठी मुलगी, लोक बघत होते. मी तिला भुतांची समजत होते आणि ती आमच्या तोंडाकडे बघून बघून एकटी जगत होती. तिची माफी मागितली. समोरून मागितली, ओठ मोठे करून.

मग रस्त्यातच थांबले. आजी. म्हणजे आजी खरोखरच काहीतरी म्हणत होत्या. ओठ हलत होते. पण आवाज नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन. अंगात त्राणच उरलं नसेल बिचारीच्या.

९ जून

शस्त्रक्रिया होऊन महिना झाला. मोठ्या बाईंनी वाचाबाईंचं पत्र वाचून पहिलीत घेतलं. भिंगरी रोज आरशासमोर बसून 'क' म्हणते, घशावर हात ठेवून. आता 'कप' येतो. सासूबाईंना दिवसातून पंचवीस वेळा कप मागते.

पण घरात काहीतरी आहे. पोरगी दचकते. परवा म्हणाली, "आई, भिंतीत कोण आहे? टप टप करतंय." मी भिंतीला कान लावला. काही नाही. काल म्हणाली, घड्याळ बोलतं. आमच्या घड्याळाला आवाजच नाही. आज जेवताना घास तसाच ठेवून दाराकडे पळाली. मी म्हटलं कोण आहे, कोणी नाही. तिने दार उघडलं. बाहेर मीटर वाचणारा माणूस उभा, बेलवर बोट ठेवून.

संपलं असं वाटलं होतं. पुन्हा सुरू झालंय.

१९ जुलै

वाचाबाई मार्चपासून माझ्या मागे लागल्या होत्या, तुम्ही एकदा बसून बघा. मी टाळत होते. आज भिंगरीच्या तपासणीला गेले तेव्हा तिनेच हात धरून मला काचेच्या खोलीत नेलं. कानांवर जाड टोप्या चढवल्या. काचेपलीकडे बाई यंत्राशी, शेजारी स्टुलावर भिंगरी. आवाज आला की बोट वर करायचं.

सुरुवातीला एक जाड आवाज आला, बोट वर केलं. तसेच आणखी दोन-तीन. मग बाईंनी यंत्र बंद केलं असावं. मी वाट बघत बसले. इतकं शांत की माझाच श्वास ऐकू यावा, पण तोही येत नव्हता.

काचेपलीकडून भिंगरीने ओठ मोठे केले. आवाज न काढता, शेडमधल्या बायकांसारखे. "आता."

यंत्रावर तिच्या बाजूला एक लाल दिवा लागत होता, तो तिला दिसत होता. मी बोट वर केलं. पुन्हा ओठ. "आता." पुन्हा बोट. सात-आठ वेळा असं झालं. लेकीने मला पास करायचं ठरवलं होतं, आणि मीही होत होते. का, ते मला अजून सांगता येत नाही.

बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी भिंगरीचं स्टूल वळवलं. मला तिची पाठ दिसू लागली, आणि वेणी. मग दिवा लागत होता की नव्हता, माहीत नाही. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. खूप वेळ.

बाहेर आल्यावर बाईंनी कागद दाखवला. रेघ डावीकडे बरी होती, मग दरीत उतरल्यासारखी खाली. "मागांच्या आवाजाने झालंय. सावकाश होतं, कळत नाही. बारीक आवाज आधी जातात. शिट्टी, बेल, पाखरं."

"कधीपासून?"

"सात-आठ वर्षं तरी."

मी विचारलं, "एखादी म्हातारी बाई गल्लीच्या पलीकडून जीव तोडून हाक मारत असेल, तर मला ऐकू येईल?"

बाईंनी कागद पुन्हा बघितला. त्यांना खोटं बोलायचं होतं, ते त्यांच्या ओठांवर दिसलं. "म्हाताऱ्या माणसाचा आवाज बारीक झालेला असतो," त्या म्हणाल्या. "तुमचं लक्ष कपड्यांकडे असेल, चेहरा दिसत नसेल, तर नाही येणार."

२० जुलै

आज गॅलरीत उभी राहिले. समोरच्या खिडकीला आता कुलूप आहे. तीच दोरी, तेवढंच अंतर. ओट्यावर तेच दोघे निवृत्त म्हातारे, माझ्याकडे पाठ करून. ते पस्तीस वर्षं शेडमध्ये होते. त्यांच्या पलीकडच्या बाई बत्तीस. ही सगळी गल्लीच शेडची आहे. त्या दुपारी या गल्लीत किती माणसं होती आणि एकालाही पत्ता लागला नाही. एक साडेपाच वर्षांची मुलगी सोडून. तिने लगेच येऊन सांगितलं होतं.

भिंगरीला जवळ बसवलं. तिच्या समोर तोंड करून विचारलं, "खिडकीआजी त्या दिवशी हाक मारत होती ना, ती मोठ्याने मारत होती का गं?"

तिने विचार केला. मग एक एक अक्षर जागेवर ठेवत बोलली, क सुद्धा, ह सुद्धा. एकही चुकलं नाही.

"मला काय माहीत? मला तर ऐकू येत नव्हतं. तू होतीस की तिथे."